पुंगळीच्या बुडाला गंध

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूबाईंना मामी. माझे मामा दौंडला राहतात, पोलीस खात्यातून निवृत्त झालेत, आणि या जगात सरळ रेषेत चालणाऱ्या दोनच गोष्टी आहेत असं त्यांचं ठाम मत आहे. एक रायफलची गोळी आणि दुसरे ते स्वतः.

निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मामा टार्गेट शूटिंगला लागले. परवान्याची रायफल घेतली, क्लबाचे सभासद झाले आणि वर काडतुसं स्वतः भरायचा नाद लावून घेतला. त्याचेही कागद रीतसर आहेत, लोखंडी कपाटात, मामींच्या पैठणीच्या वरच्या कप्प्यात. दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या, गोळ्या हे सगळं क्लबाच्या कोठारात कुलपात असतं आणि भरायचं काम तिथल्या माणसासमोरच होतं. घरी आणायची मुभा आहे ती फक्त रिकाम्या पितळी पुंगळ्यांची.

या पुंगळ्यांचं एक दुखणं असतं. बार झाला की पितळ ताणतं आणि पुंगळी तोंडाकडून किंचित वाढते. ती पुन्हा मापात कापावी लागते. कापली की काठाला बारीक कुसळं राहतात. ती आतून-बाहेरून फिरकीनं, म्हणजे हातात फिरवायच्या लहान पात्यानं, काढायची आणि काठाला हलका उतार द्यायचा, म्हणजे गोळी बसताना खरवडत नाही. या उताराला चॅम्फर म्हणतात. पुंगळी थोडी आखूड झाली तर बिघडत नाही, लांब मात्र चालत नाही, आणि सगळ्या एकसारख्या हव्यात. सगळ्यांचं तोंड सारखं तर सगळ्या गोळ्या एका जागी, असा मामांचा सिद्धांत.

आता गंमत अशी की कापणं आणि चॅम्फर मारणं हेच काम मी सणसवाडीला पोटासाठी करतो. आमच्या वर्कशॉपमध्ये पितळेचे बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या लहान नळ्या, बनतात आणि तपासणीला मी असतो. माझ्या आजोबांनी न्हावऱ्याच्या माळावर मेंढरं कातरली, मी पितळ कातरतो, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती. मापात जरा फरक आला तर मी ऑपरेटरला जेवण गोड लागू देत नाही. पण मामांच्या लेखी मी कोण, तर बटण दाबणारा. "तुमचं काय, मशीन करतंय आन् तुम्ही बघताय," ते म्हणायचे. "इथं हातानं करावं लागतं, जावईबापू." त्यामुळे दौंडला गेलो की मला फक्त फिरकी मिळायची. कापायचं ते, मोजायचं ते, आणि मी आपला काठ घासत बसायचा.

मामांच्या आयुष्यात एकच काटा होता. त्यांचे साडू. हे केडगावला राहतात, खात्यातूनच निवृत्त झालेत आणि तेही शूटिंग करतात. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे भांडणही घरातल्या घरात आणि कधी न संपणारं. साठीच्या वरच्यांची एक मॅच दसऱ्यानंतरच्या रविवारी दौंडजवळच्या रेंजवर असते. तिथे सलग चार वर्षं केडगावकर मामांच्या वर राहिले होते. मामांना हरण्यापेक्षा जास्त लागायचं ते केडगावकरांच्या चष्म्याचं. जाड भिंगांचा, दोरी लावलेला चष्मा. मामा चारचौघांत म्हणायचे, "चष्मा लावून नेम धरतंय. माझ्या डोळ्याला भिंग लागलं त्या दिवशी मी रायफल जमा करीन." असं ते इतक्या ठिकाणी इतक्या मोठ्यानं म्हणाले होते की ते वाक्य परत घ्यायला दौंड तालुका फिरावा लागला असता.

यंदा त्यांनी त्यात भर घातली. मॅचच्या आधी फोनवर मला सांगितलं, "ह्या वर्सी त्याला पाडला न्हाई, तर रायफल जमा. लई झालं." मी म्हटलं, तोंडानं बोलतात, विसरतील. पण मामींनी मागून फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरंच करत्याल. आन् मग दिसभर घरात बसत्याल." मामींचा जीव रायफलीत अडकला होता तो या कारणानं. मागे पंधरा दिवस रेंज बंद होती, तेव्हा मामांनी घरात बसून भाकऱ्यांची जाडी मोजली होती.

खंडेनवमीला सकाळी वर्कशॉपमध्ये पूजा केली. दरवर्षी मी तिथे उभा राहून बोंब मारतो, की मशीनच्या दाराला गंध लावा, हार घाला, नारळ फोडा, पण जिथे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, टेकतो तिथे बोट लावायचं नाही. नवी पोरं भक्तिभावानं नेमकी तिथेच हळदीकुंकू थापतात आणि मग पहिले पन्नास बुश वाया जातात. यंदाही बोंब मारली, पेढा खाल्ला आणि मोटारसायकल काढून चौफुल्यावरून संध्याकाळी दौंडला पोचलो. बायको आधीच माहेरी गेली होती, आणि माहेरी गेल्यावर ती मला ओळख दाखवत नाही.

मामांकडे पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. मधोमध रायफल, मग कोयता, विळी, शिलाई मशीन, पाना-पकड आणि कडेला मामांचं पुंगळ्या कापायचं यंत्र. हे यंत्र शेवया करायच्या यंत्राएवढं, टेबलाला आवळून बसवायचं, हातानं फिरवायचं. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला एक लहान खोलगट चकती. पुंगळीचं बूड त्या चकतीला टेकवायचं आणि मूठ फिरवायची. जावयाचा मान म्हणून गंध लावायचं काम मला दिलं. मामा रायफलकडे बघत हात जोडून उभे होते. मी ओली हळद, कुंकू, त्यात दोन थेंब तेल असा चांगला दाट लेप केला आणि सढळ हातानं सगळ्यांना लावला. शिलाई मशीनला लावला, कोयत्याला लावला आणि त्या यंत्राच्या चकतीत, बरोबर मधोमध, अंगठा दाबून लावला. सकाळी ज्यावर भाषण दिलं होतं तेच मी संध्याकाळी केलं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. उलट गोल ठिपका किती छान बसलाय असं वाटलं.

खंडेनवमीला पुजलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत उचलत नाहीत, आणि लावलेलं गंध पुसायचं नसतं. ते आपोआप जाऊ द्यायचं. म्हणजे लेपाला वाळायला एक रात्र आणि एक अख्खा दिवस मिळाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चाळीस पुंगळ्या घेऊन बसले. ते कापायचे, माप घ्यायचं व्हर्निअर घेऊन खिडकीशी जायचे, हात लांब करून, मान मागे घेऊन, एक डोळा मिटून बघायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "त्रेसष्ट दहा." म्हणजे त्रेसष्ट पूर्णांक दहा शतांश मिलिमीटर. मग पुंगळी माझ्याकडे. मी फिरकीनं आत दोन फेरे, बाहेर एक फेरा मारायचा आणि पुंगळी टेबलावर उभी करायची. "त्रेसष्ट दहा." दोन फेरे, एक फेरा. "त्रेसष्ट दहा." मला मनातून कौतुक वाटत होतं. आमच्या साठ लाखांच्या मशीनवर सुद्धा लागोपाठ चाळीस नग एका मापाचे निघत नाहीत.

चाळीस झाल्या तेव्हा ओळ पूर्ण उभी होती आणि माझी नजर तिच्या वरच्या कडेवरून गेली. ओळ सरळ नव्हती. डावीकडून उजवीकडे हलकी चढत गेली होती. मी पहिली पुंगळी उचलून उलटी केली. बुडावर लाल-पिवळा ठिपका. दुसरीवर ठिपका. वीस-पंचविसाव्यापर्यंत ठिपका फिका होत गेलेला. माझ्या अंगठ्याचं पुण्य एकेक पुंगळी वाटून घेत होती.

मामा पाणी प्यायला आत गेले तशी मी व्हर्निअर उचललं. पहिली पुंगळी बासष्ट ऐंशी. पाचवी बासष्ट शहाऐंशी. विसावी त्रेसष्ट. शेवटची कुठे त्रेसष्ट दहा. चकतीत लेप होता तोवर पुंगळी पुढे सरकून जास्त कापली जात होती, आणि लेप दबेल, झडेल तसं माप मूळ जागी येत होतं. चूक माझी, हे तर झालंच. पण मग मामा काय वाचत होते?

मामा परत आले. मी चेहरा शक्य तेवढा भोळा केला, सगळ्यात आखूड पुंगळी पुढे धरली आणि म्हटलं, "मामा, ही एवढी परत बघता का? मला वेगळी वाटली." ते खिडकीशी गेले. हात लांब, मान मागे, एक डोळा बंद. "त्रेसष्ट दहा," ते म्हणाले. "तुमच्या डोळ्यांना काय झालंय, जावईबापू?"

मला फस्सकन हसू आलं आणि ते खोकल्यात घातलं. मग हसू आपोआप गेलं. लांबचं त्यांना घारीसारखं दिसत होतं, रेंजवरचा बोर्ड ते माझ्या आधी वाचायचे. पण हातातल्या व्हर्निअरच्या रेघा त्यांना दिसत नव्हत्या. म्हणूनच मोजायचं काम ते कोणाच्या हातात देत नव्हते. माझ्यावर विश्वास नाही म्हणून मी इतकी वर्षं आतल्या आत जळत होतो, आणि इथे प्रकरण निराळंच होतं. मला त्यांची दया आली, आणि मामांची दया येणं ही गोष्ट मला अजिबात आवडली नाही.

आता पेच असा, की पुंगळ्या लहानमोठ्या आहेत हे सांगावं तर तुम्हाला दिसत नाही हे सांगावं लागणार. भिंग लागलं की रायफल जमा, हे त्यांचंच वाक्य. न सांगावं तर लहानमोठ्या पुंगळ्या घेऊन ते रविवारी केडगावकरांसमोर उभे राहणार, हरणार, आणि मग रायफल जमा. दोन्हीकडून रायफल जाणार होती आणि दोन्हीकडून गंध माझंच होतं. उपाय एकच. सगळ्या पुंगळ्या सगळ्यात आखूड पुंगळीच्या मापाला, बासष्ट ऐंशीला कापायच्या, परत चॅम्फर मारायचा, आणि मामांना पत्ता लागू द्यायचा नाही.

मामा जेवून दुपारी अर्धा-पाऊण तास आडवे होतात. पडल्याबरोबर घोरतात. मी रॉकेलचा बोळा घेऊन चकतीतलं उरलेलं गंध पुसायला लागलो, आणि दारात मामी.

"लावल्यालं पुसत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

मला सगळं सांगावं लागलं. गंध, ठिपके, बासष्ट ऐंशी. डोळ्यांचं मात्र मी जरा आडवळणानं सांगत होतो, तर मामींनीच मला थांबवलं. "दिसत न्हाई त्यास्नी. दोन वर्सं झाली. सकाळी पेपर घिऊन बसत्यात आन् मला इचारत्यात, आज काय इशेष? मी भाजी निवडत सगळा पेपर वाचून दावते आन् ते म्हणत्यात, वाचला मी." त्यांनी पदर खोचला. "तुम्ही कापा. मी हाय."

मी पातं बासष्ट ऐंशीला सरकवून घेतलं. पहिल्या पुंगळीला पात्यानं जो आवाज केला तो ऐकून मी गार पडलो. पितळ कापताना किर्रर्र होतं, आणि हा आवाज मामा झोपेतही ओळखतील. मामी आत गेल्या आणि त्यांनी मिक्सर सुरू केला. शेंगदाण्याची चटणी. मी मूठ फिरवली. मिक्सर थांबला की मी थांबायचा, सुरू झाला की फिरवायचा. दहा, पंधरा, वीस. मामी शेंगदाणे भाजून आणायच्या, पुन्हा मिक्सर. पंचविसाव्या पुंगळीला वीज गेली. आतलं घोरणं एकदम थांबलं. मी मूठ धरून पुतळा झालो. मामींनी खलबत्ता ओढला आणि असा दणका सुरू केला की शेजारीण खिडकीतून डोकावली. घोरणं पुन्हा लागलं. चाळिसावी पुंगळी कापून, आत दोन फेरे, बाहेर एक फेरा मारून मी ठेवली, तेव्हा घरात चाळीस सारख्या पुंगळ्या होत्या आणि तीन डबे चटणी. बायकोनं विचारलं, एवढी कशाला? मामी म्हणाल्या, "जावयाला आवडते." तेव्हापासून मला दर खेपेला एक डबा मिळतो आणि मी तो खातो.

शनिवारी मामांनी क्लबात जाऊन काडतुसं भरली. रविवारी सकाळी मी न्हावऱ्याहून निघून त्यांना रेंजवर सोडलं. केडगावकर शटल रेल्वेनं आले होते, गळ्यात दोरीचा चष्मा. दोघांनी एकमेकांना रामराम घातला आणि मामा लगेच म्हणाले, "यंदा सगळ्या त्रेसष्ट दहा हायेत. येकीतबी फरक न्हाई." केडगावकर म्हणाले, "आठ दिस फोनवर तेच आयकतोय."

मामा आडवे झाले, खांदा लावला आणि त्यांचा श्वास शांत झाला. मी माझं नखं खाणं सुरू केलं. त्या अंतरावर पुंगळीच्या मापानं किती फरक पडतो हे मी तपासणीतला माणूस असून शपथेवर सांगू शकत नाही. पण मामांना वाटत होतं की पडतो, आणि त्या वाटण्यावर ते निवांत होते. निशाणाचा शेवटचा कागद आला तेव्हा मामा केडगावकरांच्या दोन गुणांनी वर होते. चार वर्षांत पहिल्यांदा. मामांनी टोपी काढली, घातली, परत काढली. मला इतका आनंद झाला की मी एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली.

केडगावकर मात्र पुढे आले. ते वाकले, मामांच्या जागेवरची एक रिकामी पुंगळी उचलली, चष्मा नाकावर चढवला आणि खिशातून स्वतःचं व्हर्निअर काढलं.  हे मी धरलंच नव्हतं. भोवती आठ-दहा जण जमले होते, सगळे खात्यातले जुने.

"बासष्ट त्र्याऐंशी," केडगावकर म्हणाले. बार झाल्यानं तेवढी ताणली होती. दुसरी उचलली. "बासष्ट त्र्याऐंशी." तिसरी. "हीबी तीच. आन् तू तर तरेसष्ट दहा म्हनत हुतास. तू मोजतोस का अंदाजानं बोलतोस?"

कोणीतरी हसलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे करून एक पुंगळी घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि तशीच खाली घेतली.  

"काका," मी म्हटलं, "माप मुद्दाम कमी ठेवलं होतं यंदा. मामांनी आम्हाला घरी बजावून ठेवलंय, की बाहेर त्रेसष्ट दहाच सांगायचं. नाहीतर केडगावला कळलं की तुम्हीही कमी कराल."

 मग केडगावकरांनी चष्म्यावरून मामांकडे पाहिलं. "आठ दिस मला फोनवर उल्लू बनवलंस व्हय रं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क आदर होता. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की नेमकं किती ठेवलं होतं. मी इकडेतिकडे बघून बासष्ट ऐंशी सांगितलं. ते आता सगळ्या पुंगळ्या त्याच मापाला कापतात.

परत येताना मामा माझ्या मागे मोटारसायकलवर बसले होते. रेल्वेच्या फाटकाशी पोचलो. फाटक पडलं, मी गाडी बंद केली, आणि मागून आवाज आला.

"बासष्ट ऐंशी?"

"हो, मामा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मालगाडी जात होती. तिचे डबे संपेपर्यंत ते थांबले. मागे बसलेल्याचं तोंड दिसत नाही हे मला बरं वाटत होतं, आणि त्यांनाही वाटत असणार. चूक माझी होती, गंध मी लावलं होतं, हे मी एका दमात सांगून टाकलं. 

"आकडं मुंग्यांवानी पळत्यात," ते म्हणाले. "चष्म्याला हासलोय मी एवढा. आता कुठल्या तोंडानं लावू?"

मी उगाच पेट्रोलची टाकी पुसली. 

"म्होरल्या टायमाला कापायचं तुम्ही. व्हर्निअरबी तुम्ही बघायचं," मामा म्हणाले. "पर आकडा मी बोलणार."

"तुम्हीच बोला, मामा," मी म्हटलं.

फाटक उघडलं, मी गाडीला किक मारली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मामा माझ्या गाडीवर शंभरदा तरी बसले असतील, आणि दर वेळी ताठ, मागचा कॅरिअर धरून. त्या दिवशी फाटकापासून घरापर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.